हिरव्या सोपेचा अर्क

अर्क उतरवायला मी अकोल्यात शिकले, लग्नाआधी. आमच्या घराला लागून एका अत्तारिणीचं घर होतं. नवरा वारल्यावरही तिने धंदा सोडला नव्हता. गुलाब, केवडा, ओवा, सोप, जे मिळेल त्याचा अर्क ती काढायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. बडीशेपेला आमच्याकडे सोपच म्हणतात. खाला ती रात्रभर भिजत घालायची, सकाळी तांब्याच्या डेगीत पाण्यासकट ओतायची, झाकणाचा सांधा कणकेने लिंपायची आणि झाकणातून निघालेली वेळूची नळी गार पाण्यात ठेवलेल्या सुरईत सोडायची. मंद आचेवर वाफ नळीतून जायची आणि सुरईत थेंब थेंब पाणी होऊन उतरायची. ते पाणी म्हणजे अर्क. मी चुलीपाशी बसून असायची.

"बेटी, आग को भूखा मत रख, और पेट भर के भी मत खिला," ती म्हणायची.

बारा वर्षांची असताना मी तिच्या मदतीशिवाय अर्क काढत होते. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा वडिलांनी मला दागिन्यांऐवजी तांब्याची डेग दिली. मीच ती मागितली होती.

सासरी माळवं होतं. विहिरीखाली वांगी, मेथी, कांदे आणि कडेला सोपेचे आठ वाफे. पण त्या वर्षांत कापसाने साऱ्यांना वेड लावलं होतं. विलायतेच्याही पलीकडे कुठेतरी लढाई चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस गाड्या भरभरून चालला होता. शेजारच्या माळ्यांनी भाजीचे मळे मोडून कापूस पेरला. बाजारात मेथीची जुडी शोधावी लागायची. आमच्या घरीही तेच बोलणं सुरू झालं.

"सारा गाव कापूस लावून राह्यला, अन् आपण सोपेले पाणी देऊन राह्यलो," माझा नवरा म्हणाला. "पुढच्या पावसात हे वाफे मोडतो मी."

"मोडा," मी म्हटलं. "पण आधी हे पीक निघू द्या. मंग बोलू."

वाफे माझ्या सासूचे होते. बियाणंही तीच राखायची, मडक्यात, राखेत कालवून.

त्याच फाल्गुनात भातकुलीकडच्या एका पाटलाच्या मुलीचं लग्न ठरलं. कापसाने पाटलाच्या घरात भरभराट आली होती. गूळ-पोळीचं जेवण त्यांना पुरेना, बुंदीचे लाडू हवे होते, तेही गावजेवणाला. अमरावतीचा एक हलवाई ठरला. हा हलवाई आमच्याकडूनच सोप न्यायचा. तो मळ्यावर आला आणि म्हणाला, "बाई, पाटील म्हणते लाडवाले सोपेचा वास पायजे, पण दातात सोप नको. कुटून टाकली तं लाडू काळा दिसते. काय करू?"

"अर्क टाका," मी म्हटलं.

"अर्क? तो तं हकीम देते, पोट दुखल्यावर!"

मी घरातून कुपी आणली आणि गुळाच्या पाण्यात दोन थेंब टाकून त्याच्या हातावर ओतलं. त्याने चाटलं, पुन्हा हात पुढे केला. मग म्हणाला, "अशा पाच बाटल्या पायजेत. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी नेतो."

मी लगेच हो म्हटलं. घरात तेवढी सोप होती आणि डेग चालवायला हात माझे होते, मग भ्यायचं कशाला? गोऱ्या व्यापाऱ्यांच्या बंगल्यावरून फेकलेल्या दारूच्या बाटल्या आणल्या, चुन्याच्या पाण्याने तीनदा धुतल्या. लहान डेगीत चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढू, म्हणून शेजारून मोठी डेग आणली आणि घरातली सगळी सोप भिजत घातली.

चूक माझ्याच हातून झाली. अर्काला गोवऱ्यांची आच लागते. दुपारी गोवऱ्या संपल्या. अंगणात शेजाऱ्यांच्या शेतातून आणलेल्या पऱ्हाट्यांचा डोंगर पडला होता, त्या वर्षी सगळ्यांच्याच अंगणात होता. मी चार पऱ्हाट्या सारल्या. कापसाची काडी ती, भडकन पेटली. डेगीतलं पाणी उसळलं, आटलं, सोप तळाला बसली आणि करपली. नळीतून उतरणाऱ्या अर्काला धुराचा वास आला. मी सुरई उचलून हुंगली आणि सगळं अंगणात ओतून दिलं.

सासू ओट्यावरून पाहत होती. "सारं ओतलं?"

"सारं. करपटलं होतं."

"थोडा वास तं कोणी ओळखला नसता."

"मी ओळखला असता, आत्याबाई."

हलवाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. नवरा पेठेत जाऊन आला. तीन दुकानांत मिळून त्याला मूठभर सोप मिळाली, तीही परमुलखातली, जुनी, गवतासारखी. आता घरात उरलं होतं ते फक्त बियाण्याचं मडकं. माझी नजर तिकडे गेली, तशी सासू म्हणाली, "त्याले हात लावू नको. ते गेलं तं पुढच्या साली काय पेरशील? कापूस?"

ती बरोबर बोलत होती. मी मळ्यात गेले. वाफ्यांत सोप छातीएवढी उभी होती. मधले मोठे तुरे पिकायला आले होते, बाजूचे लहान तुरे अजून हिरवेगार होते. एक दाणा दाताखाली धरला. रस गोड होता आणि वास नाकात चढला. वाळल्या सोपेपेक्षा जास्त. खालाने मला हिरव्या सोपेचा अर्क कधी शिकवला नव्हता. पण वास दाण्यात आहे तर तो वाफेत येईलच, असा मला भरवसा वाटला.

सासू मागून आली होती. मी तिला दाणा दिला. तिने चावला आणि कमरेचा विळा काढून माझ्या हातात दिला.

"मधला तुरा राहू दे, बियाण्याले. बाजूचे काप. ते उशिरा पिकते, अर्धे तं पाखरंच खाते."

आम्ही दोघींनी पाच टोपल्या तुरे कापले. नवरा शेजाऱ्याकडून गोवऱ्या घेऊन आला. या वेळी मी माझी लहान डेगच घेतली. तुरे भिजवले नाहीत, पाट्यावर नुसते चेचले. पहिला अर्क उतरला तो किंचित दुधाळ होता, वर तेलाचा बारीक तवंग. सासूने बोट बुडवून चाखलं.

"गोड लागते वं!" ती म्हणाली. एवढंच. पण ती एरवी एवढंही म्हणायची नाही.

पहाटेपर्यंत तीन डेगी उतरवल्या. पाच बाटल्या भरल्या. सकाळी हलवायाने बूच काढून हुंगलं आणि कपाळाला आठी घातली. "बाई, हा तो वास नाही."

"त्याच्याहून चांगला आहे. नाही पटला तं मी येते गाडीत, तुमच्यासमोर टाकते."

आणि मी गेले. पाटलाच्या खळ्यात कढया लागल्या होत्या. हलवायाने पाक केला. पाक चुलीवर असतानाच तो बाटली ओतायला निघाला, मी त्याचा हात धरला. "उतरवा आधी. बोट सोसेल एवढा निवू द्या. कढत्या पाकात टाकलं तं सारा वास आभाळात जाईन."

आयुष्यात बाईने त्याला कढईपाशी शिकवलं नसावं. पण त्याने कढई उतरवली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. बायकांच्या पंगतीला मी होतेच. त्याआधी दाराआडून पाहिलं, पुरुषांच्या पंगतीत पाटलाचे म्हातारे काका लाडू फोडून त्यात बोटाने काहीतरी शोधत होते. वाढप्याने विचारलं, "काही पडलं का, बाबा?"

"सोप पाहून राह्यलो. वास येते, पण दिसत काहून नाही?" असं म्हणत त्यांनी तो लाडू खाल्ला, आणि शोधायला दुसरा मागितला.

परतीच्या गाडीत हलवाई विचारत होता, कसं काढलं. मी सगळं सांगितलं, पऱ्हाट्यांसकट. लपवण्यासारखं काही नव्हतं.

आषाढात नवऱ्याने वाफे मोडले नाहीत. विहिरीपलीकडच्या तुकड्यात त्याने कापूस पेरला आणि सोपेच्या वाफ्यांना शेणखत टाकलं.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली: पाटलाकडच्या लग्नानंतर चौथ्या दिवशीच त्यांचा गडी दारात उभा होता. पाहुणे अजून गेले नव्हते आणि लाडूही संपले नव्हते.

"बाई," तो म्हणाला, "पाटलीणबाईनं विचारलं, पोटावर काही अर्क देता का?"

मी ओवा भिजत घातला.