कॅनडाची आचारसंहिता

कॅनडात निवडणूक लागली, तेव्हा माळव्यातल्या आमच्या अख्ख्या धारमध्ये सगळ्यात जास्त मजा मला आली. माझं तिथे मत नाही. मुलगी आहे, जावई आहे, आणि तेव्हा मुलीला सातवा महिना संपत आला होता. पहिलंच बाळंतपण. तिला माहेरी येणं शक्य नव्हतं, म्हणून माहेरानंच तिच्याकडे जायचं ठरलं होतं. म्हणजे बायकोनं जायचं आणि मी बॅगा उचलायच्या. बाळंतशेपा तिकडच्या विमानतळावर धरतात का, हे ती मला रोज विचारायची, आणि मी रोज माहिती असल्यासारखं उत्तर द्यायचो.

पण मला त्याहून मोठं काम मिळालं होतं. रिटायर माणसाला दुसऱ्या देशाच्या सरकारवर बोलण्यासारखं सुख नाही. आपल्या सरकारवर बोललं तर कोणीतरी ऐकतं.

मुलीनं फोनवर समजावलं होतं की निवडणूक लागली तरी तिथले मंत्री मंत्रीच राहतात. फक्त मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. रोजचं कामकाज आणि तातडीचं असेल तेवढं पाहायचं.

"हा कायदा आहे?" मी विचारलं.

"नाही बाबा, रिवाज आहे. सरकारनं संयम पाळायचा असतो."

मला हसू आवरेना. संयम मंत्र्यानं पाळायचा, पाळला की नाही हे मंत्र्यानंच सांगायचं, आणि तातडीचं काय, हेही बहुतेक त्यालाच कळणार. सकाळी मंत्री म्हणून काळजी व्यक्त करायची, दुपारी उमेदवार म्हणून त्याच काळजीवर मतं मागायची, आणि गळ्यातला टाय तोच. चहाच्या दुकानात मी हे सगळं हातवारे करून सांगायचो. लोक ऐकायचे. कॅनडा कुठे आहे हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे वाद कोणी घालत नसे.

बोलायचा अधिकार मला होता. सारी नोकरी इथल्या एका सरकारी कचेरीत बाबू म्हणून गेली. आचारसंहिता लागली की गोंदाची बादली आणि रद्दी पेपर घेऊन आम्ही नेत्यांची नावं झाकायला निघायचो. अमझेऱ्याकडे एकदा एका हँडपंपावरचं नेत्याचं नाव आम्ही इतकं मन लावून झाकलं, की ज्यांनी ते कधी वाचलं नव्हतं त्यांनीही आत कोणाचं नाव आहे ते विचारून घेतलं. आमचा संयम असा डोळ्यांना दिसायचा तरी.

आणि खरं सांगायचं तर आचारसंहिता आम्हाला लग्नसराईसारखी आवडायची. कोणीही कागद घेऊन आला की एकच वाक्य: "आचार संहिता लगी है, चुनाव के बाद आना." जमिनीच्या नामांतरणाचा, म्हणजे फेरफाराचा, निवडणुकीशी काडीचा संबंध नसे, तरी तेच. जातीचा दाखला, तरी तेच. माणसं मान डोलावून परत जायची. सरकारी नियम इतक्या भक्तीनं आम्ही एरवी कधी पाळला नाही.

अशा माणसाला मुलीनं त्याच आठवड्यात व्हिसाचे फॉर्म पाठवले. "बाबा, लगेच भरून टाका. बोटांचे ठसे द्यायला जावं लागेल, वेळ लागतो."

मी मनात म्हटलं, पोरीला काय कळतंय. निवडणुकीत कोणता बाबू फाइल उघडतो? उगाच ढिगाच्या तळाशी जाऊन पडेल. मतदान होऊ दे, नवे मंत्री खुर्च्यांवर बसू देत, मग ताज्या टेबलावर आपला कागद सगळ्यात वर. मी फॉर्म कपाटात ठेवले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. मुलीनं विचारलं, बायकोनं विचारलं, दोघींना सांगितलं, "प्रक्रियेत आहे." हे वाक्य मी हजारदा उच्चारलेलं, जिभेला सवयच होती.

तिकडच्या मतदानाला आठवडा उरला असेल, तेव्हा समोरचा दुकानदार पेढे घेऊन दारात उभा राहिला. "ल्यो भिया, मूंडो मीठो करो! म्हारा साळा को कॅनडा को वीजा आइ ग्यो!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "चुनाव चल रहा है, फिर भी आ गया?"

"लो भाभी, वीजा को चुनाव से कईं लेणो-देणो?"

पेढ्यांचा डबा ठेवून तो गेला. बायको माझ्याकडे पाहत राहिली. "आपलं कुठवर आलंय?"

मी कपाटाकडे पाहिलं. इतकं पुरे झालं.

"तुम्ही फॉर्म दिलेच नाहीत?"

"अगं, तिकडे निवडणूक आहे. आत्ता कोण बघणार होतं?"

"असं तिकडच्या कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. तिथल्या मंत्र्यांनी संयम पाळला की नाही देव जाणे, पण बाबू आपले रोज टेबलावर बसून काम करत होते. कॅनडाचं काम बंद पाडलं ते धारच्या एका रिटायर बाबूनं.

बायकोनं पेढा डब्यात परत ठेवला. "ती एकटी आहे हो तिकडे," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरले, त्याच आठवड्यात ठसे देऊन आलो. पण बाळ कोणाच्या व्हिसासाठी थांबत नाही. आम्ही उत्तराची वाट पाहत असतानाच नात झाली. मला चहाच्या दुकानात जाववेना. कॅनडाचं काय झालं, कोण जिंकलं, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात बायको फरशीवर पाय लांब करून बसली, पायांवर उशी ठेवली, आणि बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते फोनवरून दाखवायला लागली. पालथं असं घे, हनुवटीखाली पंजा असा ठेव, पाणी पाठीवरून सोड. पलीकडे मुलगी घाबरून बसली होती, बाळ टाहो फोडत होतं.

"आई, मान कुठे धरू? तुझे हात दिसत नाहीयेत मला!"

फोन मी धरला होता, आणि नातीला बघायच्या नादात तो माझ्याकडेच वळवून बसलो होतो; तो मी बायकोच्या हातांकडे फिरवला.