पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

इगतपुरीला रेल्वेत हयात घालवलेल्या कोंडाजींच्या मते ज्याच्या पगारातून फंड कापला जातो तेच काम, बाकी सगळी हौस. त्यांचा मुलगा केरू नाशकात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचा फंड कापणारं कोणी नव्हतं, म्हणून विम्याचा हप्ता तो स्वतःच भरायचा आणि बायकोला, चतुराबाईला म्हणायचा, "आपले सायेबबी आपणच." तिला हे ऐकायला फार आवडायचं.

धंदा खरं तर दोघांचा. शिडीवर चढून भिंती रंगवायचा केरू. पत्र्यावर अक्षरं काढायची चतुराबाई, आणि अक्षरंही अशी देखणी की गंगापूर रोडच्या दुकानदारांना दुसरा हात चालत नसे. कोपऱ्यात मात्र ती सवयीनं 'केरू' असंच लिहायची.

चौऱ्याऐंशी साली कमाई कराच्या मर्यादेपलीकडे गेली. कराचं काम बघणाऱ्या वकिलांनी हिशोब समजावला. आलेल्या पैशांतून रंग, ब्रश, पत्रा, शिडीची झीज वजा करायची, मग विम्याची सूट, आणि उरेल त्यावर कर.

"अन् चतुराची मजुरी?" केरूनं विचारलं.

"बायकोला दिलेली मजुरी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. तिचं स्वतःचं कसब असेल तरच वेगळी. नुसती मदत चालत नाही. कशाला भानगडीत पडता?"

"मदत नाय ती," केरू म्हणाला. "वेगळी लिहा."

व्हायचं तेच झालं. आयकर कचेरीतल्या साहेबांनी कर वाचवायला बायकांची नावं घालणारे पुष्कळ पाहिले होते. त्यांनी दोघांना बोलावलं.

"समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी मी रोज बघतो. कोपऱ्यात केरू लिहिलंय. यांचं नाव कुठंय?"

चतुराबाईला उमगलं, इतक्या वर्षांचं काम आपण आपल्याच हातानं दुसऱ्याच्या नावावर करून बसलो. पैशांचं तिला काही नव्हतं, पण सरकारी कागदावर 'मदत' असं उमटलं असतं तर ते तिला जन्मभर सललं असतं.

"सायेब, ब्रश-रंग हाय पिशवीत," ती म्हणाली. "नाव सांगा तुमचं."

शिपायानं जुना पत्रा आणला. तिनं खडूची रेघही न मारता नाव लिहिलं. साहेब बघत राहिले, मग त्यांनी ब्रश केरूच्या हाती दिला. केरूनं अगदी जीव ओतून लिहिलं, पण त्याची अक्षरं एसटीच्या रांगेसारखी पुढंमागं झाली. तरी तो असा खुशीत, की बघणाऱ्याला वाटावं हाच जिंकला.

चतुराबाईचं उत्पन्न वेगळं धरलं गेलं. पुढच्या वर्षी कामं वाढली आणि तिनं स्वतःच्या नावानं बँकेत कर भरला. रांगेत उभी राहताना तिची मान ताठ होती.

सुनेचं कर भरल्याचं चलन बघायला कोंडाजी मुद्दाम इगतपुरीहून आले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि जपून घडी घालून परत दिलं. मग केरूनं त्यांना औषधांच्या दुकानासमोर नेलं. देखण्या पाटीच्या कोपऱ्यातलं 'केरू' पुसलेलं होतं आणि तिथं 'अक्षरं चतुराबाईची' असं लिहिलं होतं.

कोंडाजींनी डोळे बारीक केले. "पाटी झकास हाय. पण कोपऱ्यात हे असं वाकडंतिकडं कोणी लिवलं?"

"मी," केरू छाती काढून म्हणाला.