गणपतीतली पाहणी

माणसाला चारचौघांत लाजवावं कसं, हे आमच्या हिच्या मामांइतकं साऱ्या महाड-पोलादपुरात कुणाला साधलं नसेल. ते कुणाचा अपमान करत नाहीत, फक्त संख्याशास्त्र शिकवतात. कॉलेजातून निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर समाजशास्त्रात पीएचडी करायची दुर्बुद्धी मला झाली तेव्हापासून त्यांना हक्काचा विद्यार्थी मिळाला आहे. 'जावईबापू, संशोधनाचं नंतर बघू. आधी सरासरी आणि मध्यक यांतला फरक सांगा,' असं ते भर बाजारात विचारतात. भाजीवाली वजन करायची थांबते, मी ज्यांना शिकवतो ते माझेच विद्यार्थी शेजारी मिरच्या निवडत असतात आणि मला उत्तर येत नसतं.

पोलादपूरच्या स्टँडवर लोक एसटी उशिरा येते म्हणून कुरकुरतात. मामांचं म्हणणं, रोज तेवढ्याच उशिराने येणारी गाडी वक्तशीरच, तिचं प्रमाण विचलन शून्य. हे त्यांनी कंट्रोलरच्या खिडकीत डोकं घालून सांगितलं, तेव्हा ही तक्रार की शाबासकी हे त्या बिचाऱ्याला कळेना. नाते नावाच्या गावी एका साखरपुड्यात भटजी म्हणाले, पत्रिका उत्तम जुळते, संसार सुखाचा होणार. मामांनी शांतपणे विचारलं, 'न जुळलेली जोडपी किती सुखात आहेत ते पाहिलंत का? तुलना नको?' मुलीच्या बापाने माझ्याकडे पाहिलं, कारण मामांना आणलं होतं मी. मी पोह्यांच्या बशीत तोंड खुपसलं. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण तर त्यांच्यासमोर काढायची सोयच नाही. 'भात आधी खालीवर केला होता का?' असं विचारून पंगतीत ते वाढप्याला डाव पार तळापर्यंत घालायला लावतात.

अशा माणसाच्या हातून चूक झाली. महाडातल्या एका मंडळाला एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी रोजचा डबा सुरू करायचा होता आणि गरज कुठल्या वाडीत आहे हे मामांनी पाहून सांगायचं होतं. मी मदतनीस. उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली घरं मामांनी चिठ्ठ्या टाकून निवडली. वाटेवरची घेऊ, असं मी सुचवलं तर कॉपी करताना सापडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण गेलो तर चिठ्ठीतल्या घरांना कुलपं. कुलूप लागलं की नमुना बिघडतो. 'सगळी दारं उघडी असतील तेव्हाच यायचं,' मामा म्हणाले, आणि आम्ही गणपतीत गेलो. मुंबईहून मुलं, सुना, नातवंडं आलेली, ओटीओटीवर चपलांचे ढीग. घरात कोण कोण, असं विचारलं की म्हाताऱ्या बोटांवर नावं मोजत. एकही कागद कोरा राहिला नाही म्हणून मामा खूश. या वाडीत एकटं कुणी नाही, असा त्यांचा निष्कर्ष, आणि मंडळाने डबे दुसरीकडे द्यायचं ठरवलं. गणपतीला मुंबईवाले येतात हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हालाही होतं. कुलपं नाहीत या आनंदात ते सुचलंच नाही.

ज्यांनी माहिती दिली त्यांना निष्कर्ष वाचून दाखवायचा, हा मामांचा नेम. म्हणून मार्गशीर्षात आम्ही पुन्हा वर गेलो. वाडीत माणसाची चाहूल नव्हती. सगळ्यात जास्त नावं मोजणारी म्हातारी ओटीवर एकटीच पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. आजूबाजूला कुलपंच कुलपं. मामांनी हातातला अहवाल पिशवीत कोंबला. त्यांचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं मला लाजवणारा माणूस कधी लाजला तर मला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. मुळीच वाटलं नाही. मीही तिथे मान खाली घालून उभा होतो.

मामांनी ओटीवर बसून परत विचारलं, 'बाय, घरात कोण कोण असतं?'

'सांगितलं व्हतं ना तवा. दोन पोरं, सुना, नातवंडं. घर भरलेलं हाय.' तिने मान वर केली नाही.

'आणि आज?'

'एकली हाय म्हनून लिवाल, मंग माजी पोरं वाईट ठरतील. त्यांचं नाव नाय घालवायचं, मास्तर.'

मामांनी पेन खिशाला लावलं. मग घरच्यासारखं विचारलं, 'आज जेवायला कोण आहे?'

तिने आम्हा दोघांकडे पाहिलं. 'तुमी बसलाव तर तीन,' ती म्हणाली.

आम्ही बसलो. नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी होती. या वेळी मामांनी डाव तळापर्यंत घालायला लावला नाही, वाढलं ते जेवले.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, आता आकडा कुठून आणायचा. 'तिला पुन्हा विचारायचं नाही,' मामा म्हणाले. 'कुलपं मोजू. कुलपांना लाज नसते.' ती सगळी दुपार आम्ही किती दारं बंद आणि किती उघडी ते मोजत फिरलो. दुसऱ्या दिवशी मामा मंडळाच्या लोकांपुढे उभे राहिले, 'पाहणीचे दिवस मी चुकीचे निवडले, निष्कर्ष चुकला,' असं म्हणाले, आणि खाली बसले नाहीत. डबा वाडीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला द्यायचा, घरात कोण आहे हे कुणाला विचारायचं नाही, एवढं कबूल करून घेतल्यावरच बसले. डबा आता जातो.

पण मला आठवते ती वाडी उतरतानाची वेळ. म्हातारी अंगणाच्या कडेला येऊन उभी होती. 'गणपतीला या रे परत,' तिने वरून हाक दिली, 'तवा बगा माजं घर.' मामांनी हात वर केला. मागे वळून बघायचं मात्र त्यांना जमलं नाही, आणि मलाही.