पंखा बंद असताना

आप्पांना पगार बसण्याचा मिळायचा. शिरूरजवळच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटा बनत आणि आम्ही इंजिनिअर मंडळींनी काढलेल्या प्रत्येक नव्या सीटवर पहिल्यांदा बसायचं काम आप्पांकडे होतं. त्यासाठी काचेची एक खोली होती. आत पंचेचाळीस डिग्री उष्णता, मधोमध सीट, दाराला बाहेरून कडी. आप्पा आत जाऊन चाळीस मिनिटं डोळे मिटून बसत. कॅन्टीनमध्ये पोरं चिडवायची, "आप्पा, तुमचं बरंय. बसून खाताय." आप्पा चहा फुंकत म्हणायचे, "या की मग. चाळीस मिन्टं बसून दावा." कुणी कधी गेलं नाही.

त्याआधी बावीस वर्षं त्यांनी दौंडहून कुरकुंभच्या कारखान्यांना कामगारांची शिफ्टची बस चालवली होती. कंबर तिथंच गेली. आता रोज दोन गाड्या बदलून दौंडहून यायचे, कंत्राटावर. मी नवीन लागले त्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचलं आणि हळूच "जयभीम, पोरी" म्हणाले. त्या चकचकीत इमारतीत सकाळपासून अंग चोरून बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा मोकळी हसले.

काचेच्या खोलीतून बाहेर आल्यावर ते आधी पाणी मागत नसत. आमच्याकडे पाठ करून उभे राहत. निळ्या सदऱ्यावर घामाचे डाग उमटलेले असत. माझ्या संगणकावरचे आलेख तेव्हा अगदी गुण्यागोविंदानं नांदत असायचे. आप्पा म्हणायचे, "तुझं मशीन काय म्हन्तंय ते ऱ्हाऊ दे. सदरा काय म्हन्तोय ते बघ." घामाचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. उन्हाचा घाम पाठभर येतो, सीटचा कमरेला, जिथं टेकतो तिथं, आणि भ्यायलेल्या माणसाचा मानेला. हे ते बसमधून उतरणाऱ्यांच्या पाठी बघून शिकले होते. "नवीन लागलेला मानूस मी मानंवरनं वळखायचो," असं सांगायचे. मला हसू यायचं, पण डाग बघून मी सीटमधली हवेची भोकं हलवायचे आणि दर वेळी त्यांचंच खरं निघायचं.

त्या वर्षी आम्ही थंड हवेची सीट करत होतो. माझ्या पहिल्या नमुन्यात तीन पंखे, गार करणारी एक पेटी आणि सहा बटणं होती. आप्पांनी ती सगळी बोटानं मोजली आणि विचारलं, "ह्यातलं काय काढलं तर चालंल?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मी एक पंखा काढला, की पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न. "म्होटारीत एसी हाय ना? मंग पाठीखाली दुसरा एसी कशाला? त्याचीच हवा नळीनं आन." मला राग यायचा. मग घरी जाऊन जेवताना पटायचं. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. ही सीट बड्या गाड्यांपुरती राहू नये, शिरूर-दौंड फेऱ्या मारणाऱ्या भाड्याच्या गाडीतही बसावी.

काचेच्या खोलीची कडी अडकायची. आप्पांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा "हो, सांगते" म्हणाले आणि विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही. मला नोकरीत कायम व्हायला तीन महिने उरले होते आणि साहेबांपुढे तक्रार घेऊन जायचा धीर झाला नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी आप्पा आत बसले होते आणि विसाव्या मिनिटाला सीटचा पंखा बंद पडला. आत घंटेची लाल दोरी होती. आप्पांनी ती ओढली नाही. मध्येच उठलं तर माझी टेस्ट मोडेल, आकडे वाया जातील, म्हणून ते बसून राहिले. पंखा थांबल्याचं मला बाहेर कळलंच नाही; वाटलं, सगळं ठीक चाललंय. चाळीस मिनिटं झाल्यावर ते उठून दारापाशी आले. मी कडी ओढली. कडी हलेना. मी दोन्ही हातांनी ओढली, लाथा घातल्या. आप्पा काचेपलीकडून माझ्याकडे बघत होते. त्यांनी तळहात काचेवर टेकला आणि हळूहळू खाली बसले. शेवटी मी जॅकचा दांडा आणून कडी तोडली, तोवर दहाबारा मिनिटं गेली होती. ते उंबऱ्यात बेशुद्ध पडले होते.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "पोरी, पंखा बंद पडला आन् फोम तव्यावानी तापला. पंखा बंद असताना बसवंल असं शीट कर आधी. मंग पंखा लाव." आम्ही सगळे उलट्या बाजूनं निघालो होतो, हे मला तिथं कॉटशेजारी उभं राहून कळलं. नंतर मी फोम काढून टाकला, बाजेसारखी सैल विणलेली दोरीची जाळी घातली, खाली मोकळी जागा ठेवली, एसीची एक नळी, एक लहान पंखा, एक बटण. तीच सीट पास झाली.

पण त्याआधी अपघाताचा अहवाल लिहायचा होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, दार लावलं आणि एक वाक्य सांगितलं, "संबंधित व्यक्तीने धोक्याची दोरी ओढली नाही." कडीचं लिहिलं तर खोली बंद, सीट बंद आणि माझं कायम होणंही अवघड, हे त्यांनी फार गोड आवाजात समजावलं. ते वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर माझा हात अडला नाही. मी सही केली. पुढच्या महिन्यात आप्पांचं कंत्राट थांबलं. कारण दिलं होतं, सूचना पाळत नाहीत.

दोन वर्षं मी दौंडला गेले नाही. आप्पांना लावायला फोन उचलायचे आणि ठेवून द्यायचे. यंदा मात्र शिरूरच्या स्टँडबाहेर भाड्याच्या एका गाडीत आमची सीट दिसली आणि मी विचार न करता चढले. भर दुपारी दौंडला उतरले. विचारत गेले, तर आप्पा एका गोदामाच्या फाटकावर वॉचमन होते, उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले. मी जयभीम केला. त्यांनी मला ओळखलं, हसले आणि पहिलं वाक्य बोलले, "कशानं आलीस?"

"आपल्या सीटवर बसून आले, आप्पा."

"मंग पाठ कर इकडं."

मी वळले.

"कंबर कोरडी हाय. पाठ बी कोरडी. शीट झ्याक झालंय," ते म्हणाले. मग मानेकडे बघून म्हणाले, "मान भिजलीया. का गं?"

मला मागं वळवेना. तशीच त्यांच्याकडे पाठ करून मी सगळं सांगितलं, केबिन, वाक्य, सही. ते म्हणाले, "दोरी न्हाई वढली, हे खरंच हाय. पन कडीचं बी लिव्हायचं व्हतंस." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी आतून स्टूल आणलं, मला चहा पाजला, माझ्या आईची चौकशी केली. पुढची गाडी आली तेव्हा रस्त्यापर्यंत सोडायलाही आले.

परत येताना पुन्हा तीच सीट मिळाली. ड्रायव्हरनं पंखा लावलाच नव्हता, तरी शिरूर येईपर्यंत पाठीला घामाचा थेंब आला नाही. मी सबंध वाट मान पुसत बसले होते.