मॉरिसव्हिलचं पाणी

लेकीच्या सासरी जायला माझ्या नवऱ्याने आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी गाडी, भाड्याने घेतली, तेव्हा मित्रमंडळींत त्याचं फार कौतुक झालं. "क्या बात है यार, रिटायरमेंटची प्रॅक्टिस सुरू केलीस!" असं कुणीतरी म्हणालं. नवरा नुसता हसला. खरं कारण मला ठाऊक होतं. तिच्या लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच मुलीच्या घरी चाललो होतो, आणि त्याला तिथे जेवायचं नव्हतं.

एरवी तो आधुनिक आहे. मुलीने लुइझियानातल्या केजन, म्हणजे मूळच्या फ्रेंच वंशाच्या, शेतकऱ्याचा मुलगा पसंत केला, तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही. लग्नात तो पंजाबी गाण्यावर नाचलासुद्धा. पण मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही त्याच्या वडिलांची रीत त्याने थेट नॉर्थ कॅरोलिनापर्यंत आणली होती. जानवं, चातुर्मास, रोजची पूजा हे सगळं वाटेत कुठेकुठे गळून पडलं. नेमकं हेच कसं टिकलं, ते त्यालाही सांगता येत नाही.

तेव्हा स्वतःचं घर सोबत घेऊनच जायचं ठरलं. फ्रीजमध्ये दशम्या, मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी भरली. गाडीची टाकी मॉरिसव्हिलच्या आमच्या नळाला पाइप लावून काठोकाठ भरली. "आपण सेल्फ-कंटेन्ड आहोत," तो म्हणाला. "कुणाला त्रास नको." आम्ही लेकीला भेटायला निघालोय की हिमालयात, असा शेजाऱ्यांना प्रश्न पडला असेल.

माझे सासरेही असेच जायचे. चिपळूणला माझ्या नणंदेकडे जाताना ते घरचं पाणी फिरकीच्या तांब्यातून न्यायचे. ओसरीवर बसायचे, तेच पाणी प्यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. नवरा हे फार अभिमानाने सांगतो. नणंदेला मूल झालं नाही, त्यामुळे सासरे तिच्याकडे शेवटपर्यंत जेवले नाहीत.

लुइझियानात लाफाएतच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं लागली आणि नवरा एकदम खूश झाला. व्याह्यांचं घर एका अवाढव्य ओकच्या झाडाखाली होतं. व्याही पांढरे रबरी गमबूट घालूनच धावत आले आणि त्यांनी नवऱ्याला मिठी मारली. विहीणबाईंनी गंबो केलं होतं, म्हणजे भेंडी नि सॉसेज घातलेला दाट तपकिरी रस्सा, भातावर घेऊन खायचा. वास गेटपर्यंत आला होता. नवऱ्याने आवंढा गिळला आणि म्हणाला, "माझं पोट जरा बरं नाही." मग ड्रायव्हिंगने दमल्याचं सांगून गाडीत जाऊन आडवा झाला.

तो झोपलेला असताना जावयाने गाडीच्या पलीकडच्या बाजूला विजेची केबल जोडली. मग पाण्याची नळीही जोडली, थेट त्यांच्या घराच्या नळाला. अशी नळी जोडली की गाडी टाकीला हातच लावत नाही, पंपही चालू होत नाही, हेही त्यानेच मला सांगितलं. मी छान म्हणाले आणि गप्प बसले. काही सुखं सांगून वाया घालवायची नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, आंघोळी झाल्या आणि नवऱ्याने टाकीचा काटा पाहिला. "बघ, अजून फुल्ल! किती कमी पाण्यात भागवतो आपण." मग कान देऊन म्हणाला, "आणि पंपाचा आवाजसुद्धा येत नाही." जन्मभर मोठमोठ्या कंपन्यांच्या सिस्टिम्स डिझाइन करणारा माणूस हा. "चांगली गाडी मिळाली," मी म्हणाले आणि पुन्हा एकदा सावकाश आंघोळ केली.

पण या मुलखात पोट बरं नाही असं कुणाला सांगू नये. विहीणबाईंनी कोंबडीचं सूप पाठवलं. त्यांची बहीण तांदळाची खीर घेऊन आली. एका शेजाऱ्याने स्वतः गाळलेल्या कसल्याशा द्रवाची बाटली आणली, तिचं झाकण उघडल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुपारी चर्चचे फादर येऊन पोटासाठी प्रार्थना करून गेले. नवरा सगळ्यांचे आभार मानायचा, दार लावून घ्यायचा आणि दशमी खायचा.

गंमत म्हणजे त्याची आणि व्याह्यांची चांगलीच गट्टी जमली. खाचरांतल्या पाण्यात ते क्रॉफिश पाळतात, झिंग्यांचे चुलतभाऊ म्हणता येतील असे. व्याह्यांनी त्याला होडीतून नेऊन पिंजरे दाखवले. कोकणात आम्ही खाचरांत खेकडे कसे पकडायचो, हे सांगताना नवऱ्याचे हात थांबेनात. इतका रंगणारा माणूस आपल्या ताटावर का बसत नाही, हे त्या बिचाऱ्यांना कळेना.

संध्याकाळी मुलगी गाडीत आली. ती जनावरांची डॉक्टर आहे. कुठल्याशा गोठ्यातून थेट आली होती.

"बाबा, युअर स्टमक इज फाइन. आय ॲम अ डॉक्टर."

"गुरांची," नवरा म्हणाला.

"सेम थिंग. व्हॉट इज धिस अबाउट?"

तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा ती रीत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सो, अनटिल आय हॅव अ किड?"

"हो."

"बाबा, वी आर नॉट हॅविंग किड्स. आम्ही डिसाइड केलंय. आईला माहितीय." ती जरा थांबली. "सो, नेव्हर?"

नवऱ्याने डब्यातून दशमी काढून तिचा तुकडा मोडला. "माझी मदर-इन-लॉ मला विचारते, आमचं काय चुकलं म्हणून," ती म्हणाली. "व्हॉट डू आय टेल हर?" मग दार हळूच ओढून घेऊन ती गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग मी त्याला नणंदेचं सांगितलं, इतकी वर्षं माझ्यापाशीच राहिलेलं. सासरे गेल्यावर ती मला एकदाच म्हणाली होती, "माझ्या हातची आमटी कशी लागते, ते बाबांना कळलंच नाही गं." नवऱ्याच्या हातात दशमीचा तुकडा होता. तो त्याने परत डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंगणात लांबलचक टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यावर उकडलेल्या लालभडक क्रॉफिशचा ढीग ओतला होता, मधूनमधून मक्याची कणसं नि बटाटे. सगळं गोत जमलं होतं. खेकड्यासाठी गाडी वळवणारा माझा नवरा त्या ढिगासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता. विहीणबाई शेवटी त्याच्याजवळ आल्या. "शा," त्या म्हणाल्या. तिकडे माया करताना सगळ्यांना असंच म्हणतात. "तुम्हाला चालेल असं काय करू? एवढं सांगा."

नवरा उठून उभा राहिला आणि ऑफिसात प्रेझेंटेशन द्यावं तसं त्याने सगळं सांगितलं. वडील, तांब्या, रीत. कुणी हसलं नाही.

"पाणीसुद्धा नाही?" व्याह्यांनी विचारलं.

"पाणीसुद्धा नाही. मी मॉरिसव्हिलहून आणलंय."

व्याह्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. सरळ माणूस, त्यांना फारच अवघडल्यासारखं झालं. "मग ती नळी," ते हळूच म्हणाले, "आम्ही जोडायला नको होती का?"

नवरा गाडीच्या मागे गेला. मीही गेले. दोन दिवस मनातल्या मनात हसत होते, पण आता मला भीती वाटली. हा नळी उपटेल, गाडी सुरू करेल, आणि मुलगी आम्हाला पुन्हा कधी बोलावणार नाही. तो नळीच्या कडेकडेने चालत घरापर्यंत गेला. नळ स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होता. आत मुलगी लिंबं कापत होती. अंगणात काय झालं, ते तिला माहीत नव्हतं.

नवऱ्याने वाकून नळाला लावलेली नळी चाचपली. मग त्याने मान वर केली.

"बाळा, पाणी दे."

तिने सुरी खाली ठेवली. "बॉटल्ड?"

"नाही. नळाचं. तुझ्या घरचं."

तिने ग्लास भरला. भरून वाहायला लागला तरी तिला नळ बंद करायचं सुचेना. मग ओल्या हाताने तिने तो खिडकीतून बाहेर दिला. माझ्या नवऱ्याने ग्लास एका दमात रिकामा केला आणि परत तिच्यापुढे धरला.

"अजून दे," तो म्हणाला.