बरुआ साहेबांची सातवी विहीर

सर्व्हेच्या नोकरीत पगार महिन्यातून एकदा मिळतो, किस्से मात्र दिवसाला दोन-तीन. पगार संपतो, किस्से साठत जातात. घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, हा सांगून झालाय. म्हणून आज तुम्हाला पकडलंय.

आधी काम सांगतो. आपल्या देशात जळणारं बहुतेक तेल बाहेरून येतं. तेव्हा आपल्याच जमिनीखाली कुठे तेल, गॅस दडलाय का ते शोधत एक कंपनी आमच्या बेळगाव भागात आली. जमिनीत खोल भोक पाडायचं, तळाशी लहानसा बार उडवायचा आणि पोटातून परत येणारा हादरा वर रांगेनं रोवलेल्या जिओफोननी ऐकायचा. सोनोग्राफीच म्हणा, फक्त पेशंट शेतकऱ्याच्या मालकीचा! कॅम्प सांबऱ्याला होता. शेतात शिरायची परवानगी काढायला लोकल माणूस हवा, तो मी. पोस्टचं नाव 'परमिट मॅन'.

आमचे साहेब बरुआ, आसामचे. तीस वर्षं तेल शोधण्यात गेलेली. आजवर सहा ठिकाणी त्यांनी 'इथे विहीर खणा' म्हणून सही केली होती आणि सहाच्या सहा कोरड्या निघाल्या होत्या. आता चार महिन्यांत रिटायर होणार होते. या सर्व्हेचा रिपोर्ट त्यांनीच लिहायचा होता. खणा म्हटलं तर सातवी, नको म्हटलं तर सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. माणूस इतका गोड, की आम्हाला स्वतःच्या नोकरीपेक्षा त्यांच्या सातव्या विहिरीची काळजी जास्त होती. खोटं कशाला बोलू, नोकरीचीही होती.

*

मी मूळचा हिंडलग्याचा. आमच्या गावात सेंट्रल जेल आहे हे मी विसरतो, बाकी कुणी विसरत नाही.

पहिल्याच दिवशी खानापूरकडच्या एका गावात गेलो, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना रामराम घातला. एकानं विचारलं, कुठून आलास? म्हटलं, हिंडलग्याहून. मग त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजोबांनी सरकून मला जागा करून दिली, चहा मागवला आणि अगदी मायेनं विचारलं, "कवा सुटलास रं?"

परवानगी त्याच दिवशी मिळाली. माझ्या तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

*

परवानगीचा फॉर्म शेतकऱ्याला वाचून दाखवावा लागतो. त्यात एक वाक्य असतं, जमिनीखालचं तेल आणि वायू सरकारच्या मालकीचे. वसंत आप्पांनी हे वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आम्ही उभे होतो त्यांच्या रताळ्याच्या शेतात.

"म्हंजे वरची माती माझी, आनि खालचं सरकारचं?"

म्हटलं, व्हय आप्पा.

"मग रताळं कुनाचं? त्ये बी खालीच अस्तंय न्हवं?"

मी समजावलं की रताळं तुमचंच, अगदी खोलवरचं तेवढं सरकारचं. आप्पांनी कागदावर बोट टेकवलं. "मग तसं लिवून दे. सरकार किती फुटावर चालू हुतंय?"

हा प्रश्न मी साहेबांना विचारला, साहेबांनी हेड ऑफिसला, हेड ऑफिसनं वकिलांना. उत्तर अजून यायचंय. आप्पांनी सही केली, पण सहीखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'रताळी सोडून'.

*

एकदा जिओफोनची अख्खी रांग भाताच्या मोकळ्या शेतात रोवून आम्ही जेवायला गेलो. परत येऊन रेकॉर्डिंगच्या गाडीत बसलो, तर स्क्रीनवर काहीतरी विलक्षण दिसायला लागलं. एका तालात, दर दोन सेकंदांनी, जोरदार ठोका! आम्ही तर अजून बारही उडवला नव्हता.

बरुआ साहेब खुर्चीवरून उठले. तीस वर्षांत असा सिग्नल पाहिला नाही म्हणाले. प्रिंट काढायला सांगितली, तिच्यावर तारीख घातली. मग आम्ही केबलचा माग काढत निघालो. केबल शेतातून गेली, बांधावरून गेली आणि शेताच्या मालकिणीच्या, शांताक्काच्या सोप्यात शिरली.

म्हशी तुडवतील म्हणून शांताक्कानं सगळे जिओफोन उपटून घरी आणले होते. धुऊन, पुसून, घोंगड्यावर ओळीनं मांडून ठेवले होते. आणि शेजारी बसून ती उखळात मिरची कांडत होती.

साहेबांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते मिरचीमुळे, असं ते अजून सांगतात. ती प्रिंट मात्र त्यांनी फेकली नाही, सुटकेसमध्ये ठेवली.

*

बार उडवताना धोक्याची पाटी लावायचा नियम आहे. आता आमच्या सीमाभागात पाटी लावणं हे बार उडवण्यापेक्षा धोक्याचं! मराठीत लावली तर एक मंडळी येतात, कन्नडमध्ये लावली तर दुसरी. दोन्हींत लावली तर वरती कुठली, यावर दोघंही येतात.

यावर तोडगा काढला आमच्या मल्लाप्पानं. हा निपाणीचा, ड्रिलिंगचा मुकादम, दोन्ही भाषांत सारखाच कमी बोलणारा. त्यानं पत्र्यावर नुसती एक कवटी आणि दोन हाडं रंगवली आणि पाटी रोवून टाकली. एक शब्द नाही.

दोन्ही बाजूंनी बिनतक्रार मान्य केलेली ही आमच्या भागातली पहिली पाटी असावी. आठ दिवसांनी बघतो तर कवटीला कुणीतरी हळदीकुंकू लावलं होतं.

*

वडगावचा किस्सा ऐका. तिथे साड्यांचे पॉवरलूम दिवसभर खडखडत असतात. आमची रांग गल्लीच्या मागून जात होती आणि त्या खडखडाटात जिओफोनना जमिनीचं काहीच ऐकू येईना. मी घरोघर जाऊन विनवण्या केल्या, फक्त अर्धा तास माग बंद ठेवा. विणकर माणसं भली, कबूल झाली.

ठरल्या वेळी गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. पाळण्यातली पोरं त्या शांततेनं दचकून उठली आणि रडायला लागली. मागच्या गल्लीतून माणसं बाहेर आली. मग त्याच्याही मागच्या. बघता बघता शंभरेक लोक खाली मान घालून आमच्या दिशेनं चालत यायला लागले. दोघांच्या हातांत हार होते.

एका म्हाताऱ्या अण्णांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?"

तेव्हा मला कळलं. त्या गल्लीतले सगळे माग एकदम बंद होतात ते फक्त कुणी वारल्यावर! शंभर जणांच्या पावलांनी जिओफोन नुसते नाचत होते. त्या दिवशी एकही बार उडाला नाही. आणलेले हार फुकट जायला नकोत म्हणून त्यांनी साहेबांचाच सत्कार केला.

*

मग दिल्लीच्या मोठ्या साहेबांबरोबर व्हिडिओ कॉल झाला. विषय होता, देशातल्या तेल आणि गॅसच्या उत्पादनाचं पुढे काय. बरुआ साहेबांनी टाय घातला होता.

साहेब छान बोलले. जुनी क्षेत्रं थकत चालली आहेत, नवीन सापडलं तरी हाती यायला वर्षं जातात. पण गॅसला भविष्य आहे, अजून न चाचपलेली जमीन भरपूर आहे, धीर धरला पाहिजे. दिल्लीचे साहेब मान हलवत होते. त्यांनी विचारलं, म्हणजे थोडक्यात, गॅसची परिस्थिती आशादायक म्हणायची?

तेवढ्यात साहेबांच्या मागचं दार उघडलं आणि आमचा आचारी हातात कालथा घेऊन कॅमेऱ्यात आला. "सायेब, गॅस संपला."

त्या दिवशी आम्ही चुलीवर भात केला आणि तो फार चांगला झाला होता.

*

काम संपलं. रिपोर्टही तयार झाला, पण शेवटचा रकाना आठ दिवस कोराच. 'विहीर खणावी किंवा कसे.' साहेब रोज पेन उघडायचे, रोज बंद करायचे. जेवण कमी झालं होतं. आकडे खणा असंही म्हणत नव्हते आणि नको असंही म्हणत नव्हते. आम्ही दिवसभर त्यांच्या खोलीच्या आसपास काहीतरी काम काढत होतो.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि मल्लाप्पाला जीपमध्ये घातलं आणि खानापूरच्या पुढे, जंगलाच्या कडेच्या एका गावात घेऊन गेले. तिथल्या देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न असो की घराचा पाया, गाव देवाला विचारल्याशिवाय हलत नाही.

साहेबांनी गुरवाला विचारलं, परका माणूस विचारू शकतो का? गुरव म्हणाला, देवाला कोण परका? मनातल्या मनात विचारा. साहेबांची अडचण अशी, की मनातल्या मनात ते आसामीतच बोलणार.

गुरवानं थोडा विचार केला. "त्येला मराठी येतंय, कानडी येतंय. तुमचं बी समजून घेईल."

साहेबांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग काहीच होईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कळ्या जागच्या जागी. मल्लाप्पानं माझा दंड इतका घट्ट धरला होता, की नंतर दोन दिवस दुखत होता. देवळात बाया, पोरं, म्हातारे जमले होते.

आणि उजवी पडली!

मल्लाप्पा, जो महिन्यात दहा वाक्यं बोलतो, तो ओरडतच बाहेर पळाला. कुणीतरी घंटा बडवायला लागलं. गावात गॅस निघणार ही बातमी आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली होती. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर रिपोर्ट ठेवला, शेवटच्या रकान्यात 'विहीर खणावी' असं लिहिलं आणि सही ठोकली.

मल्लाप्पा कुठून तरी पेढे घेऊन आला होता. त्यानं एक साहेबांच्या तोंडात घातला आणि विचारलं, "सायेब, खाली गॅस किती हाय म्हनला द्येव?"

साहेबांनी आधी पेढा संपवला. पेनाला टोपण लावलं.

"गॅसचं मी विचारलंच नाही," ते म्हणाले. "मी विचारलं, सातवीही कोरडी निघाली तर मला झेपेल का?"