खंडेनवमीचं विमान

बहात्तर साली मी पाथर्डी तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक होतो, तोही कच्चा. उन्हाळ्यात काढायचे, जूनमध्ये पुन्हा घ्यायचे. लढाई होऊन वर्ष होत आलं होतं. हेडमास्तर म्हणाले, दिवाळीनंतर जिल्ह्याचं प्रदर्शन आहे, आपल्या नॅट या लढाऊ विमानाचा नमुना करा. नंबर आला की तुम्हाला कायम करून घेतो. मी विश्वास ठेवला. गरजवंताला अक्कल नसते.

वर्तमानपत्रांतल्या फोटोंवरून मापं काढली, खऱ्या विमानाच्या फुटाला इथे एक इंच. लाकूड कोरायला हत्यारं नव्हती. म्हणून ज्वारीच्या ताटांचा भेंड, म्हणजे आतला हलका गर, सरसाने जोडला आणि पॉलिश पेपरने घासून पंख काढले. दुष्काळ होता. ताटं मागितली तर घरमालक म्हणाले, "मास्तर, बैलाच्या तोंडचा कडबा हाय ह्यो. इमान खातं व्हय?" तरी दोन पेंढ्या दिल्या त्यांनी.

भेंडाच्या बैलगाड्या गावातली पोरं करतात. आपलं काम पोरखेळ ठरू नये म्हणून मी हेडमास्तरांना सांगितलं, विमान हलक्या लाकडाचं आहे.

रंग पावडरचे, डिंकाच्या पाण्यात कालवलेले. पंखावरचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ तीनदा पुसून चौथ्यांदा काढलं. इतकं नेटकं काम पुढे आयुष्यात माझ्या हातून झालं नाही. वार्निशचा हात तेवढा राहिला होता. डबा नगरहून यायचा होता.

त्याआधी खंडेनवमी आली. त्या दिवशी शाळेतल्या कुदळी, घंटा, टाइपरायटर, सगळं टेबलावर मांडून पूजा होई. हेडमास्तरांनी विमान मधोमध ठेवायला लावलं.

"सर, रंग कच्चा आहे," मी म्हणालो.

"रंग पुन्हा मारता येतो. शस्त्र हाय ते, मास्तर. पूजा न करता लढाईला धाडतंय का कुनी?"

प्यायला घागरभर पाणी मिळत नव्हतं, पण विमानावर शिंपडायला तांब्या भरून आला. हळदकुंकू वाहिलं. पाण्यात भिजवलेल्या झेंडूची जाड माळ पंखांवर घातली. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, हा दंडक. सगळे गेल्यावर मी तासभर टेबलाजवळ घुटमळलो. नुसती माळ उचलली असती तरी भागलं असतं. पण कुणी पाहिलं तर नोकरी जाईल, या भीतीने हात लावला नाही.

सकाळी माळेखालचा भेंड फुगला होता आणि एक पंख लोंबत होता. वर्तुळाचे रंग हळदीत मिसळून टेबलावर ओघळले होते. हेडमास्तरांनी तुटकी कड बोटाने चाचपली आणि म्हणाले, "भेंड हाय की हा. लाकूड म्हनला व्हता तुमी."

पुढच्या जूनमध्ये मला बोलावणं आलं नाही.

त्या माणसाचा राग मी कितीतरी वर्षं मनात धरला. त्याच्या देवभोळेपणाच्या गोष्टी चार लोकांत रंगवून सांगितल्या, लोक हसले. पण खरं एवढंच की त्याला लाकूड वाटत होतं. भेंड आहे हे मला ठाऊक होतं, आणि आरतीला सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवत होतो.